दोन धारा बघितल्याशिवाय

ये गं बाई, जवळ ये. कागदावरून का होईना, पण जवळ येऊन बस. दिवाळीपासून तोंड दाखवलं नाहीस, आणि परवा फोन केलास तो हसायला. "मावशी, म्हशी विकून तू उंदीर पाळलेस म्हणे." हे तुझ्या कानावर कुणी घातलं ते मला माहीत आहे, त्यांचं मी नंतर बघते. पण तू माझ्या बहिणीची लेक, माझ्या मांडीवर न्हाऊन मोठी झालेली, आणि तू खरं काय ते न विचारता हसलीस. ते मला लागलं. म्हणून लिहायला बसले. शाळेत मी गेलेली नाही, अक्षरं शिकले ती डेअरीच्या चिठ्ठ्या वाचत वाचत. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते, तूही तसंच ऐक.

एक तर ते उंदीर नाहीत. गिनी पिग आहेत. आणि दुसरं, ते मी सहजासहजी आणलेले नाहीत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात होते, आणि तेवढ्यात आमच्या मालकांनी दोन्ही म्हशी विकून टाकल्या. घरी आले तर गोठा झाडून काढलेला, गव्हाण धुतलेली, खुंटे तेवढे उभे. मला म्हणाले, "तुझा पाय म्हशीपरीस मोठा हाय. आता ह्या गोठ्यात जनावर यायचं न्हाई." पण पहाटे जाग यायची आणि हात आपसूक बादलीकडं जायचा. बादली घेऊन करायचं काय? मग अंगणात पाणी मारायचे. इतकं पाणी मारायचे की शेजारीण म्हणाली, "आक्का, भात लावताय का काय अंगणात?"

तशात नात मोबाईल घेऊन आली. तिचे आईबाप दोघंही कंपनीत जातात, शाळा सुटली की ती माझ्याजवळ असते, ते तुला ठाऊक आहे. फोटोत दोन बारके प्राणी, एक तपकिरी-पांढरा, एक काळा. शेपूट नाही, मान नाही, नुसता गोळा. सुनेच्या ओळखीतली दौंडची एक बाई ते देऊन टाकणार होती. नवरा कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत, त्याची बदली गुजरातेत झालेली.

मालकांनी फोटो लांब धरून बघितला. "डुक्कर न्हाई आन् उंदीरबी न्हाई, मग हाय तरी काय?"

"उंदराच्या लांबच्या भावकीतला आहे, आबा," नात म्हणाली.

"भावकीतला म्हंजी वाईटच की."

पण नातीपुढं त्यांचं किती चालतं ते तू बघितलंयस. शेवटी म्हणाले, "आणा. पन एकदा का त्यो आजारी पडला, एकदा का डॉक्टर बोलवायची येळ आली, की परत देऊन टाकायचं. आन् पुन्हा गोठ्याचा विषय काढायचा न्हाई. हिनंबी न्हाई आन् तूबी न्हाईस." हे शेवटचं माझ्याकडं बघून. म्हणजे त्यांना कळलेलं होतं, मी अंगणात इतकं पाणी का मारते ते.

झालं, तिथून माझी झोप गेली. एकच जोडी आणायची होती. ती निरोगी निघाली तर गोठ्यात काहीतरी चरत राहील. रोगी निघाली तर गोठ्याला कायमचं कुलूप.

आणि ती बाई फुकट देत होती. चांगलं जनावर फुकट कोण देतं? मी नातीला म्हटलं, "विचार की, का देतीय?" ती म्हणाली, "सांगितलं ना आजी, बदली झालीय." बदली झाली तर माणूस गॅसची शेगडी नेतो, कुंड्या नेतो, पडद्याच्या दांड्यासुद्धा काढून नेतो, मग हेच तेवढे का ठेवून जातो? त्यात पिठाच्या गिरणीत एकजण बोलला, असल्या प्राण्यांना औषधं टोचून बघतात म्हणे. नवरा औषधाच्याच कंपनीत. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. टोचून टोचून झालेले, आता निकामी झालेले, तेच तर आपल्या गळ्यात मारत नसतील?

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. एकदा बाजारातून आम्ही एक म्हैस आणली होती. आपल्याकडची रीत अशी, की म्हैस घ्यायची तर विकणाऱ्याच्या दारात मुक्काम करायचा. संध्याकाळची धार बघायची, सकाळची धार बघायची, मग बोलायचं. कारण एक वेळची धार चुकवली की कास फुगते आणि दुसऱ्या वेळी बादली भरते. एकच धार बघणारा फसतो. त्या दिवशी मालक घाईत होते, माणूस गोड बोलला, आणि मीच म्हटलं, घ्या, कास चांगली आहे. घरी आणली तर एका सडातून थेंब नाही. ती म्हैस आम्ही नऊ वर्षं सांभाळली, पण मालकांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, हे जास्त बोचायचं. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी ठरवलं. प्राणी तळहाताएवढा असो नाहीतर म्हशीएवढा, दोन धारा बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

आधी घराची तयारी केली. नातीनं मोबाईलवर बघून वहीत लिहून काढलेलं ती वाचायची आणि मी करायचे. ऊन सोसत नाही त्यांना, तर गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट अंथरून घेतलं आणि दारात ओलं पोतं टांगायला खिळे ठोकले. पिंजरा बारका चालत नाही, पळायला जागा लागते, म्हणून कांदा साठवायच्या चाळीची उरलेली जाळी मोडक्या बाजेला चारी बाजूंनी ठोकली. तळाला जाळी नको, पाय अडकतात, तिथं जाड पोती आणि त्यावर जुनी गोधडी. लपायला दोन मडकी आडवी. वाळलेलं गवत चोवीस तास समोर पाहिजे, कारण दात वाढतच राहतात, चावून झिजवावे लागतात. बांधावरचं मारवेल मी कापून सावलीत वाळवलं. लसूणघास म्हशींच्या सवयीनं कापायला निघाले तर नातीनं हात धरला, म्हणाली तो रोज द्यायचा नाही, वाढ झालेल्या गिनी पिगना त्यानं मुतखडा होतो. पेरू, ढोबळी मिरची, कोथिंबीर, यातलं काहीतरी रोज, व्हिटॅमिनसाठी. आणि कांदा, लसूण अजिबात नाही. पातसुद्धा नाही.

आता आमच्या गावात, न्हावऱ्यात, कांदा नाही असं एक घर दाखव मला. आमच्या अंगणात कांदा, पडवीत कांदा, गोठ्याच्या मागं चाळ. दोन दिवस लागले सगळं पलीकडं सरकवायला. शेजारणीच्या बोक्यावर मी निराळी नजर ठेवून होते, तो जाळी ठोकताना भिंतीवर बसून सगळं बघत होता. आणि उंदरांचं औषध. निळ्या वड्या येतात बघ, त्या मी स्वतः घरभर ठेवलेल्या. माळ्यावरून काढल्या, चुलीमागून काढल्या, गव्हाणीखालून काढल्या, मोजून पुरल्या आणि हात साबणानं तीनदा धुतले.

मग एका शनिवारी नातीला घेऊन निघाले. एसटीनं भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला, तिथून दुसरी धरून दौंड. बाई दारातच उभी होती. पस्तिशीची असेल, गळ्यात मापाची टेप, घरात ब्लाऊज शिवायची. माहेर-सासर दोन्ही दौंडचं, तीन पिढ्यांचं मुसलमान घर. भाषा आपल्यासारखीच, फक्त आईला अम्मी म्हणायची. चहा झाला. मी म्हटलं, "बाई, आमी आज मुक्कामाला हाय."

तिला वाटलं तिचं काहीतरी ऐकायला चुकलं. "मुक्कामाला? कुठं?"

"हितंच. संध्याकाळी कसं खात्यात, सकाळी कसं खात्यात, बघून मग काय ते सांगते."

ती नातीकडं बघायला लागली. नात भिंतीकडं. मग ती म्हणाली, "आजी, सहाजण येऊन गेले, कुणी खुर्चीवरबी बसलं न्हाई. तुमी मुक्कामाला आलाय." तिच्या बोलण्यात राग होता की हसू, ते मला कळलं नाही. पण तिनं पिंजऱ्याची कडी घातली आणि खोलीचं दार उघडंच ठेवून स्वयंपाकाला गेली. म्हणजे तीही माझ्यावर डोळा ठेवून होती.

संध्याकाळी तिनं त्यांच्या खाण्याच्या पिशवीला नुसता हात लावला तर दोघंही शिट्टी घातल्यासारखी ओरडायला लागली. खाणं चांगलं. डोळे चांगले. मी काळ्याला हातात घेतलं, त्याचं काळीज मशीनसारखं धडधडत होतं. नाकाला बोट लावलं. कोरडं ठाक. म्हशीचं नाक कोरडं म्हणजे ताप, हे आपल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी नातीच्या कानात म्हटलं, "तापलंय." नात वही काढून कुजबुजली, "आजी, ह्यांचं कोरडंच असतं. ओलं झालं तर आजारी." पण वहीवर माझा विश्वास बसला नाही. वही काय, कुणीही लिहितं.

सकाळी उठल्या उठल्या पिंजऱ्यापुढं बसले. आणि तिथं मी ते बघितलं. तपकिरीनं मान खाली घातली, स्वतःच्या बुडाशी तोंड नेलं, आणि बाहेर आलेली लेंडी तिथल्या तिथं चावून खाल्ली. थोड्या वेळानं काळ्यानंही तेच केलं.

म्हैस माती खायला लागली, पोतं चघळायला लागली, की समजायचं अंगात काहीतरी कमी आहे. इथं तर जनावर आपलंच शेण खात होतं. मी मनात म्हटलं, सापडली खोड. म्हणून फुकट.

ती चहा घेऊन आली तर मी तोंडावरच विचारलं, "ह्यांना कंपनीत काय टोचलंय?"

तिनं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. मोबाईल आणला आणि एक-एक फोटो दाखवायला लागली. पिंजऱ्यातल्या दोघी माद्या होत्या; त्यांची आई, तिच्या अम्मीच्या मांडीवर. मग त्याच मांडीवर या दोघी, जन्मून तासभर झालेल्या. डोळे उघडे, अंगावर केस, पायावर उभ्या, अगदी रेडकासारख्या. "माझ्याच शिलाई मशीनखाली झाल्यात या. यांची आई गेल्या पावसाळ्यात गेली, अम्मी यंदा गेली. दोन दिवस ट्रकमध्ये, या उन्हात, मी त्यांना नेऊ कशी? रस्त्यातच मरतील." मग मोबाईल बंद करून म्हणाली, "पण तुमी नका नेऊ आजी. ज्याला विश्वास न्हाई त्याच्या घरी मला द्यायच्या न्हाईत."

नात रडली नाही, नुसती चपला घालायला लागली. ते मला बघवेना. मी आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ज्यांनी माझ्या म्हशींची अडलेली बाळंतपणं केली ते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, मी म्हशीचा माणूस, पण एवढं मला माहितीय. ससा आणि गिनी पिग खातातच तसं. एकदा पोटातून गेलेलं पुन्हा खाऊन त्यातलं सत्त्व घेतात. न खाल्लं तर आजारी पडतील. म्हैस रवंथ करते, तसंच समजा."

रवंथ. एवढा एक शब्द कुणी आधी सांगितला असता तर. मी फोन ठेवला आणि त्या बाईला म्हटलं, "माझं चुकलं, पोरी. म्या म्हशीवरनं मापलं." मग म्हशीची, त्या आटलेल्या सडाची सगळी गोष्ट तिला सांगितली. ऐकून घेतली तिनं. नंतर म्हणाली, "ठीक हाय. तुमी दोन येळा बघितलं. आता मी येऊन बघणार. पुढच्या शनिवारी. मुक्कामाला."

म्हटलं, ये. रीत आपलीच.

ती आली ती एसटीत पिंजरा मांडीवर घेऊनच आली, पण खाली ठेवला नाही, पडवीतल्या बाजेवर आपल्याजवळच ठेवला. मालकांना "आबा" म्हणून नमस्कार केला आणि लगेच कामाला लागली. पाचट बघितलं. पोतं बघितलं. मारवेल नाकाला लावून बघितलं, बुरशी नाही ना म्हणून. जाळी हलवून बघितली. मी मागं मागं, सासू सुनेच्या मागं फिरते तशी, फक्त उलटं. मला वाटलं, सगळं पार पडलं. मग ती गोठ्याच्या कोपऱ्यातल्या ज्वारीच्या कोठीपाशी गेली, वाकली, आणि कोठीमागून एक कागद ओढून काढला. कागदावर तीन निळ्या वड्या.

"आजी, हे काय?"

माळा, चूल, गव्हाण, सगळं मी मोजून काढलं होतं. कोठी माझ्या लक्षातच आली नसेल? की आली आणि मी विसरले? ज्यांना मी टोचल्याचा संशय घेतला, त्यांच्या तोंडापुढं विष ठेवलेलं माझ्याच गोठ्यात निघालं. नातीनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत पहिल्यांदा माझ्याबद्दल शंका होती.

मी म्हटलं, "नको देऊस, पोरी. घेऊन जा."

तेव्हा दारातून मालक बोलले. "त्यो म्या ठिवला. हिनं समदं काढलं हुतं. ज्वारीला उंदीर लागला म्हून मागनं म्याच ठिवला. हिला ठाव न्हाई." आत आले, तिच्या हातातला कागद घेतला, आणि म्हणाले, "तुमी बसा, मी आत्ता लांब पुरून येतो. हात धुवून मग जाळी दोरीनं पक्की बांधतो, कोपऱ्यात ढिली हाय."

ज्यांनी गोठ्यात जनावर येऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ते हे बोलत होते.

त्या बाईनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय समजली कोण जाणे. पिंजरा मात्र बाजेवरून उचलला नाही. संध्याकाळी आमच्या हातचं गवत खाताना बघितलं, सकाळी पेरू खाताना बघितलं, आणि पहिल्या एसटीला निघाली. जाताना पिंजऱ्यातलं जुनं फडकं तसंच ठेवून गेली. मी म्हटलं, "आमच्यात जनावर देणारे दावं आपल्यापाशी ठेवून घेत्यात." ती म्हणाली, "ठेवून काय करू आजी? त्यांना वासाला राहू द्या." दारातून एकदाही वळून बघितलं नाही तिनं. मी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, दोघींच्या पायांवर चार थेंब पाणी घातलं, मोठं जनावर आणल्यावर घालते तसं.

आता पाच महिने झाले. दोघी धडधाकट आहेत. डॉक्टर आले ते चहा प्यायला आले. त्या बाईचा गुजरातेतून व्हिडिओ कॉल येतो, ती मला दिसत नाही नीट, पण तिला त्या दोघी दिसल्या पाहिजेत म्हणून मी मोबाईल जाळीला लावून धरते. आजही सकाळी मी आधी नाकाला बोट लावते. कोरडं आहे ना, एवढं बघितल्याशिवाय मला चहा जात नाही.

मालक बांधावरून मारवेल आणतात, पण आणलं असं म्हणत नाहीत, दारात टाकून जातात. मी त्यांना कितीदा विचारलं, "खरं सांगा, त्या वड्या तुमी ठेवल्या हुत्या?" ते म्हणतात, "सांगितलं न्हवं का एकदा." पण तेव्हा ज्वारीला उंदीर लागलेला नव्हता, ते मला माहीत आहे. कोठी मीच रोज उघडायचे. त्या आटलेल्या सडाबद्दल ते नऊ वर्षं बोलले नव्हते, तसंच हेही. वड्या माझ्याच हातच्या राहून गेल्या असाव्यात, अशी मला शंका आहे आणि ती फिटायची नाही.

तू त्यांचा स्वभाव ओळखतेस, तुझ्याशी ते मोकळं बोलतात. तू आल्यावर चहाच्या वेळी सहज विचार, मी आत स्वयंपाकघरात कान देऊन थांबते. येताना कांदा हाताळू नकोस, थोडी कोथिंबीर आण. आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं म्हणून येऊ नकोस. दोन धारांचा मुक्काम धरून ये, बाई, आणि लवकर ये.